दर लाखी किती?

वाचकहो, दिवाळी अंकाचा मजकूर मागताना आमच्या संपादकांची एक ठरलेली अट असते. विषय घरगुती असावा आणि लेख चकलीसारखा खुसखुशीत असावा. पहिली अट मी यंदाही पाळली आहे. दुसरीची हमी मात्र देत नाही, कारण यंदा लिहायचे आहे ते चोऱ्यामाऱ्यांविषयी, आणि त्यात दोषी मंडळींच्या यादीत माझे स्वतःचे नाव येणार आहे.

त्याचे असे झाले. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. रात्री साडेनऊच्या सुमारास अमेरिकेहून पुतण्याचा फोन आला. हा आमच्या थोरल्या बंधूंचा एकुलता एक मुलगा. तिकडे आठ हजार वस्तीच्या एका लहानशा गावात त्याने घर केले आहे. दादा आणि वहिनी सांगलीला दोघेच असतात, दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे.

"काका," तो म्हणाला, "तुमच्या इमारतीतली दुसऱ्या मजल्यावरची जागा विकायची आहे म्हणता ना? ती आईबाबांसाठी घ्यावी म्हणतो. तुम्ही आणि काकू जवळ असाल, म्हणजे मला इथे झोप लागेल."

मला आनंद झाला. म्हातारपणी भावाभावांनी एका जिन्यात राहावे, याहून दुसरे काय हवे?

"फक्त एक सांगा," तो पुढे म्हणाला, "कळव्याचा क्राइम रेट किती?"

मी आयुष्यात पुष्कळ भाव सांगितले आहेत. मेथीच्या जुडीचा सांगितला आहे, सोन्याचा सांगितला आहे, कळव्यात चौरस फुटाला काय पडते तेही तोंडपाठ आहे. गुन्ह्याचा भाव मला कोणी कधी विचारला नव्हता. तिकडे म्हणे घर घेण्याआधी शाळा, पाणी आणि गुन्हे या तिन्हींचे आकडे पाहायची रीतच आहे.

मी जरा फुरंगटलो. कळवेकराचा स्वभावच तसा आहे. ठाणे स्टेशन सोडून गाडी खाडी ओलांडते न ओलांडते तोच आमचे स्टेशन येते. पण ठाणेकर आम्हाला 'खाडीपलीकडचे' म्हणतात, आणि फास्ट गाड्या तर आमच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. खारेगावच्या फाटकाने आमच्या दोन पिढ्यांना ताटकळत ठेवले. ते २०२२ च्या जानेवारीत उड्डाणपूल झाल्यावर बंद झाले. खाडीवरचा तिसरा पूल त्याच वर्षी नोव्हेंबरात खुला झाला. इतके सारे झाल्यावर आता पुतण्याने अमेरिकेत बसून आमचा गुन्ह्याचा दर विचारावा!

"बघून सांगतो," एवढे म्हणून मी फोन ठेवला. सौभाग्यवती समोर भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली. त्या का बोलल्या नाहीत, ते पुढे सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून मी आकड्यांच्या मागे लागलो. शोधता शोधता जे कळले ते आपल्यालाही उपयोगी पडेल, म्हणून थोडक्यात देतो.

आपल्या देशात 'भारतातील गुन्हे' हा सरकारी अहवाल १९५३ सालापासून निघतो. १९८६ साली राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला आणि ते काम त्याच्याकडे आले. दर काढण्याची रीत सोपी आहे: वर्षभरात नोंदलेल्या गुन्ह्यांना लाखांतल्या लोकसंख्येने भागायचे. २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. म्हणजे दर लाखी सुमारे २. अमेरिकेत त्याच वर्षी हा दर ६ च्या वर होता. हे वाचून माझी छाती फुगली. पुतण्याला लगेच फोन लावावा असे वाटले.

पण आम्हाला हवा होता कळव्याचा आकडा, आणि तो त्या अहवालात नाही. कळवा मोडते ठाणे पोलीस आयुक्तालयात. तिथे ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर सगळे एका टोपलीत. टोपलीभर आंब्यांचा सरासरी गोडवा सांगून हातातला आंबा गोड की आंबट, हे कसे कळावे? भागाकारासाठी लागणारी लोकसंख्याही जुनी. २०११ ची जनगणना झाली, तेव्हा ठाणे शहरात १८ लाख ४१ हजार माणसे होती. पुढची जनगणना २०२१ साली व्हायची, ती लांबली. मधल्या काळात एकट्या खारेगावच्या बाजूला किती इमारती उठल्या, ते मी गॅलरीत उभा राहून पाहिले आहे.

आणखी एक मौज, मौज म्हणवत नाही खरे तर. कळवा स्टेशनात घडलेला गुन्हा कळव्याच्या खात्यावर चढतच नाही. तो रेल्वे पोलिसांकडे जातो आणि अहवालात रेल्वेचा रकाना वेगळा असतो. २०२१ च्या मे महिन्यात आमच्या कळवा स्टेशनात एका चोराने लोकलमधल्या एका महिलेचा मोबाइल हिसकावला. त्या त्याच्यामागे धावल्या आणि गाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. त्या दिवसानंतर कित्येक आठवडे आमच्याकडच्या बायका डब्यात मोबाइल बाहेर काढत नव्हत्या. कळव्याच्या माणसाच्या मनात ती भीती आहे. कळव्याच्या हिशेबात ती नाही.

मोजदादीचे आणखी एक गमक कळले. एकाच प्रकरणात दोन-तीन गुन्हे असले, तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजतात. घरफोडी करताना चोराने खून केला, तर खून मोजायचा, घरफोडी नाही.

मग मी पुतण्याच्या गावाचे गणित करून पाहिले. आठ हजारांच्या वस्तीत एका वर्षी एक खून झाला, तर दर लाखी साडेबारा झाले! देशाच्या सरासरीच्या दुप्पट! पुढल्या वर्षी एकही झाला नाही, की दर शून्य. गाव तेच, माणसे तीच. घरफोड्या चाराच्या सहा झाल्या, तर वर्तमानपत्राने '५० टक्के वाढ' म्हणून मथळा द्यावा. लहान गावाच्या दराचे हे असे असते. तो खोटा नसतो, पण त्यावर घर बांधू नये.

हे सगळे मी त्याला फोनवर ऐकवले तेव्हा तो हसला. म्हणाला, "काका, मी दर पाहतोच, पण त्याहून जास्त पोलिसांची यादी वाचतो. आमच्या इथल्या वर्तमानपत्रात दर आठवड्याला छापून येते. कुणी काय तक्रार केली ते सगळं. शेजारच्यांचा कुत्रा रात्रभर भुंकला. अंगणातली सायकल गेली. अनोळखी माणूस दाराशी उभा होता, चौकशीअंती तो पाहुणा निघाला."

"कुत्रा भुंकल्याची तक्रार?" मी विचारले.

"हो. लोक सांगतात, म्हणून कळतं."

वाचकहो, हे त्याचे शेवटचे वाक्य माझ्या मनात जे रुतले ते रुतलेच. कारण गुन्ह्यांच्या अहवालात हीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगितली आहे: गुन्हे वाढणे वेगळे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे वेगळे. आपल्या राज्यांत केरळचा दर नेहमी वरच्या क्रमांकात असतो. केरळात पाऊल ठेवताच खिसा कापला जातो असा त्याचा अर्थ नव्हे. तिथला माणूस तक्रार करतो आणि ती लिहून घेतली जाते, हा त्यातला मोठा भाग आहे. अमेरिकेत १९३० सालापासून पोलिसांचे आकडे गोळा होतात. पण तेवढ्यावर न थांबता १९७३ पासून दरवर्षी घरोघर जाऊन विचारतात, 'तुमच्या घरी चोरी-मारहाण झाली का, आणि झाली तर पोलिसांना सांगितलीत का?' मारहाणीच्या, लुटीच्या प्रकारांतले निम्म्याहून कमी पोलिसांपर्यंत पोचतात, असे त्यातून वर्षानुवर्षे निघत आले आहे. चोऱ्यांचे प्रमाण त्याहूनही कमी. देशभर दरवर्षी होणारी अशी पाहणी आपल्याकडे नाही. त्यामुळे न सांगितलेल्या गुन्ह्यांचा हिशेब आपल्याकडे एकाच ठिकाणी असतो. ज्याच्या त्याच्या घरात.

आमच्याही घरात एक होता.

यंदाच्या फेब्रुवारीतली गोष्ट. संध्याकाळी साडेसातला सौ. भाजी घेऊन येत होत्या. आमच्या गल्लीच्या वळणावरचा दिवा तीन आठवडे गेलेला होता. मागून मोटारसायकल आली, मागे बसलेल्याने हात घातला आणि मंगळसूत्र तुटले. अर्धे त्याच्या हातात गेले, अर्धे यांच्या पदरात राहिले. मानेवर लाल वळ उठला. बाकी इजा नाही. घरी येऊन त्या पाणी प्यायल्या, देवापुढे दोन मिनिटे बसल्या आणि मग मला सांगितले.

मी शर्ट चढवला. पोलीस ठाण्यात निघालो होतो. जिन्यात मला दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले, ज्यांची जागा विकायची आहे तेच. मी आमच्या सोसायटीचा अध्यक्ष. त्यांनी सगळे ऐकून घेतले, फार हळहळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, उद्याच गिऱ्हाईक जागा बघायला येतंय. पोलीस आले, पंचनामा झाला, की सगळ्या कळव्यात बोभाटा. माझी जागा जाऊ द्या, उद्या तुमच्याही जागेचा भाव पडेल. आणि मिळालंय का कधी कुणाचं सोनं परत?"

खरे सांगतो, मला ते पटले. पटले म्हणण्यापेक्षा सोयीचे वाटले. ठाण्यात किती वेळ बसावे लागेल, पुढे कोर्टात साक्षीला बोलावतील का, हे विचार माझ्या मनात होतेच. मी परत वर आलो. शर्ट खुंटीला लावला. सौभाग्यवतींनी विचारले, "इतक्यात आलात?" मी म्हणालो, "जाऊ दे. जीव वाचला हे काय थोडं आहे?" त्यांनी उरलेले अर्धे मंगळसूत्र डबीत ठेवले. कळव्याच्या गुन्ह्यांचा दर त्या रात्री माझ्या कृपेने एकाने कमी राहिला.

सोळा दिवसांनी त्याच वळणावर, त्याच सुमारास, तशाच मोटारसायकलने आमच्या तळमजल्यावरच्या आजींच्या गळ्यातली साखळी ओढली. आजींचे वय चौऱ्याहत्तर. साखळी जाड होती, चटकन तुटली नाही. त्या फरपटत गेल्या आणि पडल्या. उजवे मनगट दोन ठिकाणी मोडले.

आजींना दवाखान्यात नेले आणि पोलीस चौकशीला आमच्या जिन्यात आले. अधिकारी तरुण होते. त्यांनी विचारले, "या वळणावर आधी असा काही प्रकार झाला होता का?"

दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ भिंतीकडे पाहू लागले. मी घसा साफ केला. तेवढ्यात माझ्या मागून सौभाग्यवतींचा आवाज आला, "झाला होता. माझ्यासोबत. सोळा दिवसांपूर्वी."

अधिकारी रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "बाई, त्याच रात्री आला असतात तर त्या वळणावर आम्ही माणूस उभा केला असता." आणि त्यांनी वही उघडली.

त्या दिवशी मला जे शिकावे लागले ते आपण फुकट शिकून ठेवा. साखळी हिसकावणे, चोरी, घरफोडी हे दखलपात्र गुन्हे आहेत. अशा गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात सांगून टाकले. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला. त्यात हिसकावून नेण्याच्या गुन्ह्याला प्रथमच स्वतंत्र कलम मिळाले: भारतीय न्याय संहितेचे ३०४, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. ते ती पुढे योग्य ठिकाणी पाठवतात. घरबसल्या संगणकावरूनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आणि नोंदीची एक प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी, जपून ठेवावी. मोबाइल गेला तर तो देशभर निकामी करण्याची दूरसंचार खात्याची सोय आहे. तीही पोलिसांकडे तक्रार केल्याच्या कागदावर चालते. मोबाइलवर चांदणी, चौकट, शून्य, सहा, चौकट अशी बटणे दाबली की त्याचा पंधरा आकडी क्रमांक दिसतो. तो आजच कॅलेंडरमागे लिहून ठेवा. पैशांची फसवणूक झाली तर १९३०, आणि कोणत्याही संकटात ११२.

पण कायदा कागदावर असतो आणि वळण गल्लीत असते. त्या वळणावर सौ. ओरडल्या तेव्हा निदान चार गॅलऱ्यांत माणसे होती. एकानेही फोन केला नाही. प्रत्येकाला वाटले, दुसरा करील. १९६४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क शहरात एका तरुणीचा रात्री रस्त्यावर खून झाला, तेव्हा अडतीस शेजाऱ्यांनी ते पाहिले आणि कोणी हलले नाही, अशी बातमी तिथल्या मोठ्या वर्तमानपत्राने छापली. ती जगभर गाजली. पुढे त्यातला अडतीसचा आकडा फुगवलेला निघाला. एक शेजारीण तर जिना उतरून तिच्यापाशी धावली होती. आमच्या गल्लीत आकडा फुगवायची गरज नव्हती. आजींजवळ पहिला पोचला तो नाक्यावरचा इस्त्रीवाला, ज्याला आमची मंडळी संध्याकाळी गल्लीत गाडी लावू देत नसत.

आता सावध झालो, ते इतके झालो की भलतेच व्हायची वेळ आली. आमच्या तरुण मंडळींनी काठ्या घेऊन रात्रीची गस्त सुरू केली. तिसऱ्याच रात्री एका पोराला पकडून भिंतीशी उभा केला. अंगावर सदरा मळका, मोटारसायकल जुनी, उत्तरे अडखळत. दोघांचे हात उठलेही. मी खाली गेलो तेव्हा त्याच्या पिशवीत आमच्याच चौथ्या मजल्याने मागवलेले जेवण निघाले. मला घाम फुटला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भटक्या माणसांना ठार मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेने गेले. त्या दोन्ही गावांना आपण आपल्या गावाची राखण करतो आहोत असेच वाटत होते. आम्ही काठ्या त्याच रात्री गच्चीवर ठेवून दिल्या. त्या पोराला पाणी दिले, माफी मागितली. जेवण थंड झाले होते.

मग करायचे तरी काय? उत्तर शोधायला अमेरिकेला जावे लागले नाही. आमच्याच आयुक्तालयातल्या भिवंडीने ते करून दाखवले आहे. १९७० च्या मे महिन्यात आणि पुन्हा १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी दंगलीत होरपळली. १९८८ साली सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त तिथे आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसे, यंत्रमागावाले, दुकानदार, आणि त्यांच्यात बसणारा एक पोलीस. त्या समित्यांपुढे विषय काय? नळाचे भांडण, रस्त्यात लावलेली हातगाडी, पोरांची मारामारी. कुत्रा भुंकल्याच्याच तक्रारी म्हणा ना! पण त्यातून माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली आणि पोलीसही त्यांना नावाने ओळखू लागला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, सुमारे ९०० माणसे मेली. दंगलीचे गाव म्हणून बदनाम झालेली भिवंडी त्या वेळी शांत राहिली.

आम्ही आमच्या सोळा बिऱ्हाडांपुरते तेवढेच केले. वळणावरच्या दिव्याची तक्रार लेखी दिली. दिवा चौथ्या दिवशी लागला. तीन आठवडे तो विझलेला होता तेव्हा आमच्यापैकी कोणी अर्जच केला नव्हता. इस्त्रीवाल्याला गल्लीच्या तोंडाशी जागा दिली. तो रात्री दहापर्यंत तिथे असतो आणि त्याच्याकडे आमच्या सगळ्यांचे फोन नंबर आहेत. नव्या भाडेकरूची माहिती पोलिसांना वेळेवर देतो. दिवाळीत गावी जाणाऱ्याने शेजाऱ्याला सांगून जायचे, दूध-पेपर बंद करायचा आणि दागिने बँकेत ठेवायचे. महिन्यातून एकदा आमच्या बैठकीला हद्दीतले हवालदार चहाला येतात. मोटारसायकलवाले अजून सापडलेले नाहीत. पण फेब्रुवारीपासून त्या वळणावर तसा प्रकार झालेला नाही. मी याला विजय म्हणत नाही. नोंद म्हणतो.

आता पुतण्याचे उत्तर. चार दिवस मी टाळले. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ रोज जिन्यात विचारत, "झालं का पुतण्याचं नक्की?" शेवटी मी फोन लावला आणि सांगितले, "बाळ, कळव्याचा दर मला मिळाला नाही. पण आमच्या गल्लीचा मिळाला. यंदा दोन. त्यातला एक तुझ्या काकूचा. तो मी सोळा दिवस लपवला, आणि लपवला नसता तर दुसरा बहुधा झाला नसता."

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "आईशी बोलतो."

दुसऱ्या दिवशी वहिनींचाच सांगलीहून फोन आला. वहिनी म्हणजे सरळ मुद्द्याची बाई. "भाऊजी, सोन्याचं राहू द्या, मी बाहेर पडताना काळी पोतच घालते. त्या वळणावरचा दिवा लागला का, ते सांगा."

"लागला," मी म्हणालो.

"मग डिसेंबरात येऊन बघतो."

दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ माझ्याशी सध्या बोलत नाहीत. "घरची भानगड गिऱ्हाइकाला सांगणारा अध्यक्ष पहिल्यांदाच पाहिला," असे ते तिसऱ्या मजल्यावर म्हणाल्याचे समजते.

एक गोष्ट तरीही उरली होती. आजींना मी काहीच सांगितले नव्हते. जिन्यात पोलिसांपुढे ते निघाले तेव्हा त्या दवाखान्यात होत्या आणि नंतर कोणी विषय काढला नाही. कोजागिरीला आम्ही सगळे गच्चीवर जमलो. आजींना चार मजले चढवत नाहीत, म्हणून त्यांचे मसाल्याचे दूध घेऊन मी खाली गेलो. त्या अंगणात खुर्ची टाकून चंद्र पाहत बसल्या होत्या. मी पायरीवर बसलो आणि सगळे सांगून टाकले. शर्ट चढवला होता, तो परत खुंटीला लावला, इथपर्यंत.

आजी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत आहे. तुमच्या बायकोनं दवाखान्यातच सांगितलं. रडत होती."

मला काय बोलावे कळेना.

"मीसुद्धा सांगितलं नसतं हो," त्या म्हणाल्या. "साखळी चटकन तुटली असती, मी पडले नसते, तर मीही गुपचूप घरात येऊन बसले असते. म्हटलं असतं, म्हातारीनं कशाला घालावी साखळी, म्हणतील लोक. हात मोडला, म्हणून झाकता आलं नाही."

मी पेला पुढे केला. त्यांनी तो डाव्या हाताने घेतला. उजव्या हाताने पेला अजून धरवत नाही.